मोटारीला घरच्या घरी मडफ्लॅप कसे बसवावेत : खानदेशातील नव्या गाडीमालकांसाठी

पावसाळ्यात यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यातून किंवा शिंदखेड्याकडच्या कपाशीच्या शिवारातून मोटार फिरवून आणली, की दारांचा खालचा निम्मा भाग काळ्या चिखलाने लिंपून निघतो. शेतातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर चाकांबरोबर ढेकळेच्या ढेकळे डांबरी रस्त्यावर आणून टाकतात आणि मागून येणाऱ्या मोटारीची चाके तीच ढेकळे उचलून स्वतःच्या अंगावर उडवतात. उन्हाळ्यात चिखलाची जागा बारीक खडी आणि पातळ झालेले डांबर घेते. चिखल धुऊन निघतो. पण खडीच्या माऱ्याने दाराखालच्या पट्ट्याचा, म्हणजे गॅरेजवाले ज्याला रनिंग बोर्ड म्हणतात त्या भागाचा रंग ठिकठिकाणी उडतो आणि तेथूनच पत्रा गंजायला लागतो.

मडफ्लॅपचा उपयोग येथे आहे. तो चाकाच्या मागे लोंबतो, चाकाने उडवलेला माल अडवतो आणि खाली पाडतो. आपल्या गाडीबरोबरच मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे कपडेही तो वाचवतो. गाडीचा तळ मात्र त्याने सुरक्षित होत नाही, त्यासाठी तळाला लावायचे लेपन वेगळे असते. ही अपेक्षा आधीच नीट ठेवलेली बरी. अनेक गाड्यांच्या कमी किमतीच्या आवृत्त्यांत मडफ्लॅप मिळत नाहीत, ते वेगळे विकत घ्यावे लागतात आणि बसवण्याचे काम, हाताला थोडीफार सवय असेल, तर घरी सहज होते.

आपल्या भागात हे काम करताना एक प्रश्न शेवटपर्यंत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो : अडवलेला चिखल पुढे जाणार कुठे? काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज भरपूर असते. ही माती पाणी पिऊन फुगते, ज्याला लागेल त्याला धरून बसते आणि वाळली की छिन्नीशिवाय निघत नाही. मडफ्लॅप आणि पत्रा यांच्यामध्ये तिला बसायला खोबण मिळाली, तर ती तेथे ओल धरून राहते आणि ज्या गंजापासून गाडी वाचवायची, तोच गंज आपण पैसे देऊन घरी आणल्यासारखे होते. बहुतेक माहितीपुस्तिका स्क्रू कुठे लावायचा ते सांगतात, हे सांगत नाहीत. म्हणून पुढे जागोजागी त्याचा उल्लेख येईल.

१. मडफ्लॅपची निवड

बाजारात दोन प्रकार मिळतात. पहिला प्रकार विशिष्ट गाडीसाठी साच्यातून काढलेला असतो. त्याची वळणे त्या गाडीच्या चाकाच्या कमानीशी जुळतात आणि त्याची छिद्रे बहुधा गाडीत कंपनीनेच ठेवलेल्या छिद्रांवर येतात. दुसरा प्रकार कोणत्याही गाडीला चालेल असा सपाट रबराचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा असतो, जो आपण कापून, भोके पाडून बसवायचा असतो. नवख्या माणसाने पहिलाच प्रकार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा स्वस्त पडतो, पण तो बसवताना गाडीला नवी छिद्रे पाडावी लागतात आणि त्याचा सपाट पृष्ठभाग गोल कमानीवर कधीच पुरता टेकत नाही, म्हणजे चिखलाला नेमकी हवी तशी फट मिळते.

खरेदी करताना गाडीचे नाव सांगून भागत नाही; मॉडेलचे वर्ष आणि आवृत्तीही सांगावी. एकाच नावाच्या गाडीचा बंपर काही वर्षांनी बदलतो आणि जुन्या बंपरसाठीचा मागचा मडफ्लॅप नव्यावर बोटभर बाहेर राहतो. चाकाच्या कमानीवर काळी प्लॅस्टिकची पट्टी असलेल्या आवृत्तीचा मडफ्लॅप पट्टी नसलेल्या आवृत्तीला लागत नाही, हेही दुकानदार प्रत्येक वेळी आपण होऊन सांगेलच असे नाही.

पदार्थाचाही विचार करावा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून बराच जास्त तापतो. अशा उष्णतेत पातळ पीव्हीसीचा मडफ्लॅप मऊ पडून वाकतो आणि पुढे वाकलेलाच राहतो. जाड, किंचित लवचीक, हाताने वाकवून सोडल्यावर लगेच मूळ आकारात येणारा मडफ्लॅप निवडावा. अगदी कडक प्लॅस्टिकचाही नको, कारण बांधाच्या कडेला किंवा दगडाला लागला की तो वाकण्याऐवजी मोडतो आणि मोडताना स्क्रूची जागा ओरबाडून नेतो.

लांबीचा मोह टाळावा. ट्रकमागे लोंबणाऱ्या रुंद रबरासारखे मडफ्लॅप छोट्या मोटारीला लावलेले दिसतात, क्वचित त्यांवर मजकूरही असतो; पण वेगात ते वाऱ्याने मागे उचलले जातात, म्हणजे हवे तेव्हाच कामाचे राहत नाहीत. शिवाय गाडी भरलेली असताना शेतरस्त्याच्या मधल्या उंचवट्याला ते घासतात. सपाट प्रकारचा मडफ्लॅप कापून लावायचाच असेल, तर रिकाम्या गाडीत त्याची खालची कड जमिनीपासून निदान १५ सेंटीमीटर वर राहील अशी ठेवावी.

२. हाताशी ठेवायचे साहित्य आणि कागद

काम सुरू केल्यावर अर्ध्यातून दुकानात जाण्याची वेळ येऊ नये, म्हणून पुढील वस्तू आधीच गोळा कराव्यात.

- चौफुली टोकाचा, म्हणजे स्टार स्क्रूड्रायव्हर, मधल्या मापाचा एक आणि आखूड दांड्याचा एक. चाक आणि कमान यांच्यामधल्या जागेत लांब दांडा मावत नाही.
- चपटा स्क्रूड्रायव्हर किंवा प्लॅस्टिकची क्लिप काढायची दुफाटी पट्टी.
- ८ आणि १० मिलिमीटरचे सॉकेट व रॅचेट. काही गाड्यांत सहा पाकळ्यांचे टॉर्क्स स्क्रू असतात. त्यांसाठी टी-२० आणि टी-२५ ही टोके लागतात.
- मागचे चाक काढावे लागल्यास जॅक, चाकाचा पाना, जाड फळी, चाकांना अडसर म्हणून लावायचे ओंडके किंवा मोठे दगड, आणि शक्य असल्यास जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायची लोखंडी घोडी.
- छिद्र पाडायचे असेल तरच ड्रिल, ३ मिलिमीटरचे बिट, गंजरोधक प्रायमर, गाडीच्या रंगाची टच-अप बाटली आणि थोडे ग्रीस.
- स्टेनलेस स्टीलचे जादा स्क्रू आणि रुंद वॉशर, त्याच मापाच्या आठ-दहा जादा प्लॅस्टिक क्लिपा.
- रंगावर लावायची पारदर्शक संरक्षक फिल्म, मास्किंग टेप, खडू किंवा पांढरी पेन्सिल.
- ताठ केसांचा ब्रश, कापड, बादली, आणि डोळ्यांसाठी चष्मा. कारण कमानीखाली पाहताना वाळलेली माती थेट डोळ्यांत पडते.

कागदांपैकी गाडीची माहितीपुस्तिका जवळ ठेवावी. जॅक लावण्याच्या जागा आणि चाकाचे नट किती घट्ट करायचे तो आकडा तीत असतो. मडफ्लॅपच्या पाकिटातील आकृतीचा कागद फेकू नये आणि बिल जपून ठेवावे. गाडी वॉरंटीत असेल, तर वॉरंटीची पुस्तिका वाचून घ्यावी, कारण पत्र्याला आपण पाडलेल्या छिद्रापाशी गंज आला, तर तो कंपनीच्या माथी मारता येणार नाही. नोंदणीच्या कागदात काही बदल करावा लागतो का, असे अनेक जण विचारतात. मोटार वाहन अधिनियम १९८८ मधील कलम ५२ हे नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशील बदलतील अशा फेरफारांविषयी आहे. मडफ्लॅपमुळे त्या तपशिलांपैकी काहीही बदलत नाही.

३. दिवस आणि जागा

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाल्यानंतर आणि मृग लागण्यापूर्वीचे दिवस या कामासाठी सर्वांत सोयीचे असतात. गाडी कोरडी असते, कमानीतला जुना चिखल सुटा होतो आणि रंग किंवा प्रायमर लावला तर तो पुरता वाळतो. काम मात्र सकाळी लवकर उरकावे. दुपारच्या उन्हात प्लॅस्टिकची जुनी क्लिप मऊ पडते आणि तिची पिन वर येण्याऐवजी डोकेच निघून हातात येते. पत्र्याला हात लावणे अवघड होते, ते वेगळेच.

जागा सपाट आणि कठीण हवी. सिमेंटचा ओटा किंवा फरशीचे अंगण उत्तम. काळ्या मातीच्या खळ्यात किंवा वाड्याच्या मोकळ्या भागात जॅक लावू नये. उन्हाळ्यात तेथील जमीन कठीण भासते, पण तिला भेगा असतात आणि वजन आल्यावर जॅकचा तळ एका बाजूने खचतो. दुसरी जागाच नसेल, तर जॅकखाली जाड आणि रुंद फळी घालावी.

पहिल्यांदा काम करणाऱ्याने अर्धा दिवस मोकळा ठेवावा आणि एक माणूस मदतीला घ्यावा, विशेषतः स्टिअरिंग फिरवायला.

४. धुणे, आणि मगच मोजणे

चारही कमानी आतून धुऊन काढाव्यात. विहिरीवरच्या मोटारीचा पाईप असेल, तर त्याच्या धारेने बराच माल निघतो. तरीही पुढच्या कमानीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात, जेथे प्लॅस्टिकचे आतील आवरण आणि रनिंग बोर्ड एकत्र येतात, तेथे बोट घालून पाहावे. नव्या म्हणवणाऱ्या गाडीतही, एक पावसाळा झाला असेल तर, तेथे मुठीएवढा घट्ट गोळा सापडतो. तो लाकडी काडीने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढावा, लोखंडी टोकाने खरवडू नये. याच कोपऱ्यावर आपला मडफ्लॅप बसणार आहे. आतली माती तशीच ठेवून वरून झाकण घातले, तर ती पुन्हा कधी बाहेर येणार नाही.

धुतल्यावर तास-दीड तास वाळू द्यावे. ओल्या पृष्ठभागावर फिल्म चिकटत नाही आणि खडूची खूणही उमटत नाही.

५. डावा-उजवा ओळखणे

पाकिटातून चार मडफ्लॅप काढून जमिनीवर मांडावेत. त्यांच्या पाठीवर बहुधा ‘एलएच’ (डावा) आणि ‘आरएच’ (उजवा) अशी रोमन अक्षरे कोरलेली असतात, शिवाय पुढचा की मागचा तेही लिहिलेले असते. डावी-उजवी बाजू नेहमी चालकाच्या जागेवर बसून समोर पाहताना ठरते; आपल्याकडे चालकाची बाजू ती उजवी. गाडीसमोर उभे राहून ठरवले, की सगळे उलटे होते. हे लिहिण्याइतके महत्त्वाचे आहे का, असे वाटेल. पण उलट बाजूचा मडफ्लॅप जवळपास बसतो, फक्त एक छिद्र जुळत नाही, आणि मग माणूस उगाच ड्रिल हातात घेतो.

पाकिटात दबून वाकलेला मडफ्लॅप थोडा वेळ उन्हात सपाट ठेवला, की सरळ होतो.

६. जुन्या क्लिपा आणि स्क्रू काढणे

पुढच्या चाकांपासून सुरुवात करावी. चाक न काढता जागा मिळवण्याची युक्ती अशी : उजव्या चाकाजवळ काम करायचे असेल, तर स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवावे, डाव्यासाठी पूर्ण डावीकडे. तसे केल्याने टायरचा मागचा भाग आत जातो आणि कमानीची मागची कड मोकळी होते. त्यानंतर इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी आणि हँडब्रेक ओढून ठेवावा.

कमानीच्या मागच्या कडेला आतील आवरण धरून ठेवणारे दोन-तीन स्क्रू किंवा क्लिपा दिसतील. मडफ्लॅप बहुधा यांच्याच छिद्रांत बसतो. स्क्रू सरळ फिरवून निघतात. क्लिपा मात्र तीन तऱ्हेच्या असतात आणि सर्वांत जास्त मोडतोड येथेच होते.

पहिल्या तऱ्हेत मधली पिन थोडी वर असते किंवा तिच्या कडेला चपटे टोक घालायला खाच असते. आधी ही पिन हलकेच वर उचलावी. ती सुमारे अर्धा सेंटीमीटर वर आली, की अडकते. तेवढे पुरे असते. त्यानंतर बाहेरच्या चकतीखाली पट्टी घालून पूर्ण क्लिप काढावी. पिन न उचलता चकतीच ओढली, तर क्लिपचे पाय आत फाकलेले असतात आणि ते आवरणाचे छिद्र फाडून बाहेर येतात. दुसऱ्या तऱ्हेत पिनेच्या डोक्यावर स्क्रूसारखी चौफुली असते. ती पाव ते अर्धा फेरा फिरवली की वर येते, जोराने दाबत फिरवले तर मऊ प्लॅस्टिक झिजून चौफुलीच नाहीशी होते. तिसऱ्या तऱ्हेत पिन चकतीच्या पातळीत असते आणि ती वर काढायची नसते, तर एक क्लिक ऐकू येईपर्यंत आत दाबायची असते. कोणती तऱ्हा आहे ते कळत नसेल, तर आधी हलकेच दाबून पाहावे, मग फिरवून आणि शेवटी उचलून.

क्लिपेच्या खाचेत वाळलेली काळी माती बसलेली असेल, तर त्यावर पाण्याचे दोन थेंब सोडून पाच मिनिटे थांबावे आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने घासावे. कोरड्या मातीवर जोर केला, की क्लिप तुटलीच म्हणून समजावे. काढलेले स्क्रू-क्लिपा वाटीत ठेवाव्यात आणि कोणत्या चाकाच्या ते कागदावर लिहावे, कारण लांबी दिसायला सारखी असली, तरी नेहमी सारखी नसते.

७. कच्ची मांडणी

स्क्रू न लावता मडफ्लॅप जागेवर धरावा आणि तीन गोष्टी पाहाव्यात.

एक, मडफ्लॅपची छिद्रे गाडीच्या छिद्रांवर येतात का. दोन, टायर आणि मडफ्लॅप यांच्यामध्ये सर्वत्र निदान दोन बोटांचे अंतर आहे का. मदतनिसाला स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगावे आणि त्या वेळी बोटे चाकापासून दूर ठेवावीत. तीन, आणि हे आपल्या मातीसाठी, मडफ्लॅपची वरची कड पत्र्याला टेकते की मध्ये फट राहते, आणि खालच्या बाजूने पाणी-माती निघून जायला वाट आहे का.

वरून आत जाणारी फट जेवढी कमी तेवढे चांगले. खालून बाहेर पडणारी वाट मात्र अजिबात बंद करू नये. काही जण सगळ्या कडेने सिलिकॉन भरतात. ते दिसायला नीटनेटके दिसते, परंतु वरच्या बाजूने थोडे जरी सुटले, तरी आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडता येत नाही. सिलिकॉन वापरायचाच तर फक्त वरच्या कडेला पातळ रेघ द्यावी.

मडफ्लॅप जेथे जेथे रंगावर टेकतो, तेथे खडूने खूण करून मडफ्लॅप बाजूला ठेवावा आणि खुणेच्या आतल्या रंगावर पारदर्शक फिल्म चिकटवावी. गाडी चालताना मडफ्लॅप सतत बारीक थरथरतो, त्याच्या आणि रंगाच्या मध्ये धूळ जाते आणि ती धूळ पॉलिश पेपरसारखी रंग घासत राहते. फिल्मची पट्टी मडफ्लॅपच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर येईल एवढी रुंद घ्यावी. फोमची दुहेरी टेप या जागी लावू नये. फोम पाणी पितो आणि ओल धरून ठेवतो.

८. छिद्र पाडावे लागलेच तर

आधी न पाडण्याचे सर्व उपाय करून पाहावेत. कमानीच्या कडेच्या पत्र्याला आतून अर्धा इंच वळवलेली किनार असते. तिच्यावर सरकवून बसवायची यू आकाराची धातूची क्लिप बाजारात मिळते आणि स्क्रू त्या क्लिपेत धरतो. पुष्कळ वेळा एवढ्याने काम भागते.

तरीही छिद्र लागणारच असेल, तर ते शक्यतो प्लॅस्टिकच्या आवरणाला पाडावे, पत्र्याला नाही. ड्रिल लावण्यापूर्वी आवरण थोडे ओढून, टॉर्चच्या उजेडात त्यामागे काय आहे ते पाहावे. पुढच्या एखाद्या कमानीमागे काच धुण्याच्या पाण्याची टाकी किंवा दिव्यांच्या तारा असू शकतात. मागच्या एका कमानीमागून इंधन भरण्याची नळी जाते. चाकाजवळ ब्रेकची नळी आणि चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची तार असते. यांपैकी कशालाही बिट लागले, तर गोष्ट मडफ्लॅपच्या किमतीवर थांबत नाही. विजेवर चालणाऱ्या गाडीत तळाच्या भागात किंवा नारिंगी आवरणाच्या तारांच्या आसपास कोणतेही छिद्र पाडू नये. अशा गाडीला तयार छिद्रांत बसणाराच मडफ्लॅप घ्यावा, नाहीतर काम सेवा केंद्रावर सोपवावे.

बिटाच्या टोकापासून १० मिलिमीटरवर मास्किंग टेप गुंडाळावी, म्हणजे बिट त्याहून खोल जाणार नाही. ४ मिलिमीटरच्या आसपासच्या स्क्रूसाठी ३ मिलिमीटरचे छिद्र पुरते. पत्र्याला छिद्र पडलेच, तर त्याच्या कडेवरचे बारीक कण पुसून लगेच प्रायमर लावावा, तो वाळल्यावर टच-अप रंग लावावा आणि स्क्रू घालताना त्याला ग्रीस माखावे. उघड्या पत्र्यावर फक्त स्क्रू पिळून ठेवला, तर पहिल्याच पावसाळ्यानंतर स्क्रूच्या भोवती तांबूस कडे दिसू लागते.

९. पुढचे मडफ्लॅप पक्के करणे

सर्व स्क्रू आधी हाताने दोन-तीन आटे धरतील एवढेच लावावेत. मधला स्क्रू पहिल्यांदा बसवावा, मग वरचा, मग खालचा. एक स्क्रू पुरता आवळून मग दुसऱ्याकडे गेलात, तर शेवटचे छिद्र हमखास तिरके येते. सगळे धरल्यानंतर मडफ्लॅप सरळ आहे ना हे थोडे मागे जाऊन पाहावे आणि मगच त्याच क्रमाने आवळावे.

आवळणे म्हणजे किती, तर मडफ्लॅप हाताने हलत नाही आणि स्क्रूखालचे प्लॅस्टिक आत दबलेले दिसत नाही, इतके. येथे विजेचा स्क्रूड्रायव्हर वापरू नये, कारण प्लॅस्टिकमधले आटे क्षणात फिरतात आणि मग स्क्रू गोल गोल फिरत राहतो. तसे झालेच, तर त्या जागी मूळ स्क्रूपेक्षा जाड स्क्रू ठोकण्याऐवजी यू क्लिप घालावी. आवरणाचे छिद्र आधीपासूनच फाटलेले असेल, तर रुंद वॉशर घातला की पुरते.

१०. मागचे मडफ्लॅप

मागची चाके वळत नाहीत, त्यामुळे जागा कमी मिळते. आखूड स्क्रूड्रायव्हरने किंवा सॉकेटने काम होत असेल, तर चाक काढू नये. मागचा मडफ्लॅप पुष्कळ गाड्यांत अर्धा कमानीच्या आवरणाला आणि अर्धा बंपरच्या खालच्या कोपऱ्याला धरतो, म्हणून खाली आडवे होऊन बंपरच्या तळाचा स्क्रू शोधावा लागतो. सायलेन्सरचा शेवटचा भाग ज्या बाजूला असेल, तेथे मडफ्लॅप आणि नळी यांच्यात पुरेसे अंतर आहे ना ते पाहावे. गरम नळीला टेकलेले रबर वितळते. गाडी नुकतीच चालवून आणली असेल, तर सायलेन्सर थंड होईपर्यंत हात लावू नये.

चाक काढावेच लागले, तर क्रम असा ठेवावा. गाडी गिअरमध्ये ठेवून (स्वयंचलित गिअर असल्यास ‘पी’ स्थितीत) हँडब्रेक ओढावा आणि पुढच्या चाकांना पुढून-मागून अडसर लावावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करावेत. पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावून गाडी उचलावी आणि जॅक स्टँड असेल तर त्यावर टेकवावी. नसेल, तर काढलेले चाक रनिंग बोर्डखाली आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे जॅक घसरला तरी गाडी थेट जमिनीवर येणार नाही. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके किंवा धड कधीही घालू नये. हात कमानीत घालण्यापुरतेच काम करावे.

चाक परत लावताना नट हाताने बसवून, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळत जावेत आणि गाडी खाली आणल्यावर शेवटचा ताण द्यावा. छोट्या मोटारींत हा ताण साधारणपणे ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. हा ताण मोजून आवळणारा टॉर्क पाना बहुधा घरी नसतो. अशा वेळी जवळच्या टायरवाल्याकडे जाऊन नट तपासून घ्यावेत. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा पाहणे आवश्यक आहे.

११. चाचणी

रिकाम्या गाडीवर सगळे ठीक दिसते. खरी परीक्षा भरलेल्या गाडीत होते, कारण वजनाने गाडी खाली बसते आणि टायर कमानीत वर जातो. घरातली चार-पाच माणसे गाडीत बसवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे, मग सावकाश एखाद्या गतिरोधकावरून आणि थोड्या खड्ड्यांच्या रस्त्याने गाडी न्यावी. ‘खर्र’ असा सलग आवाज आला, तर टायर मडफ्लॅपला घासतो आहे. वेग वाढल्यावर ‘फडफड’ ऐकू आली, तर मडफ्लॅपची कड सुटी आहे. परत आल्यावर टायरच्या आतल्या-बाहेरच्या कडांवर ताजी घासल्याची चकाकी आहे का, तेही पाहावे. कंपनीच्या मापापेक्षा रुंद टायर घातलेल्या गाड्यांत ही अडचण हटकून येते आणि तेथे मडफ्लॅपची आतली कड कापून गोल करावी लागते.

गाडी मागे घेतानाही एकदा तपासावे. मडफ्लॅप सर्वांत जास्त फाटतात ते रिव्हर्समध्ये : ओट्याच्या किंवा बांधाच्या कडेला मागचे चाक टेकते, मडफ्लॅप कड आणि टायर यांच्यामध्ये सापडतो आणि चाक त्याला खाली ओढून घेते. गाडी लावायची जागा ओट्याला लागून असेल, तर चाक कडेपर्यंत न नेण्याची सवय लावून घ्यावी लागते.

१२. पावसाळ्यातली देखभाल

पेरणीच्या दिवसांत शेतावर ये-जा असेल, तर चिखल ओला असतानाच, घरी पोहोचल्यावर लगेच, प्रत्येक कमानीत पाण्याची धार खालून वर आणि मग वरून खाली मारावी. एक रात्र गेली की तेवढ्याच मातीला तिप्पट वेळ लागतो. वॉशिंग सेंटरवर दाबाच्या पाण्याची नळी क्लिपेच्या अगदी जवळ धरू देऊ नये; फूटभर अंतरावरून मारलेले पाणी पुरेसे असते आणि जवळून मारल्यास फिल्मची कड उचलली जाते.

पावसाळ्याच्या मध्यावर, पोळ्याच्या सुमारास, एकदा खालचा स्क्रू काढून मडफ्लॅप थोडा बाहेर ओढावा आणि मागे किती माती साठली आहे ते पाहावे. चिमूटभर धूळ असेल, तर बसवण्याचे काम नीट झाले आहे. घट्ट थर सापडला, तर तो धुऊन काढावा आणि वरून माती कुठून शिरते ते शोधावे. बहुधा वरचा स्क्रू सैल झालेला असतो किंवा कमानीच्या वळणावर मडफ्लॅप थोडा उचललेला असतो. दिवाळीनंतर रस्ते कोरडे झाल्यावर हीच तपासणी पुन्हा करावी, आणि फिल्मखाली कुठे रंग फुगलेला दिसला, तर तो भाग त्याच हंगामात खरवडून, प्रायमर लावून रंगवून घ्यावा. उन्हाने ठिसूळ झालेल्या क्लिपाही त्याच वेळी बदलाव्यात; जादा घेतलेल्या क्लिपांची पुडी गाडीच्या डॅशबोर्डमधल्या खणात नव्हे, तर घरात सावलीत ठेवावी, नाहीतर बसवण्यापूर्वीच त्या तितक्याच ठिसूळ झालेल्या असतात.